उंबऱ्यावरची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. रंगाने राखाडी, अंगाने जाड आणि स्वभावाने टोचरी. सध्या एका घराच्या उंबऱ्यावर पायपुसणं होऊन पडले आहे. येणारा-जाणारा माझ्यावर पाय घासतो आणि मी त्याच्या तळव्याला टोचते. तेवढाच माझ्या हातचा सूड. हसू नका, मित्रांनो. पायपुसण्यालाही मान असतो.

माझ्या मधोमध एक भोक आहे, दोन बोटं जातील एवढं. शेजारची मुलं खेळायला आली की त्यात पायाचा अंगठा घालतात आणि विचारतात, "आजी, हे उंदरानं कुरतडलं का?" आजी, म्हणजे या घरची मालकीण, उठून आत निघून जाते. म्हणून मीच तोंड उघडते. उंदराने नाही कुरतडलं. कसरीनेही नाही खाल्लं. ते माणसाच्या दातांनी पडलं आहे. कसं पडलं ते ऐका, आणि ऐकताना मध्ये उठून जाऊ नका. ज्या दिवशी ते पडलं त्या दिवशीही सगळ्यांना घाईच होती.

माझा जन्म एका अंधाऱ्या खोलीत, मागावर झाला. मला विणणारी बाई म्हातारी होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्या हातातून सुटलेला एक धागा कोणी दाखवावा! तोंडाने फटकळ. सून एकदा म्हणाली, "सासूबाई, जरा सैल विणा की, लवकर होईल." तर म्हातारी म्हणाली, "सैल विणायला मी काय मासे धरायला बसलेय?" माझी किनार तिने दोनदा उसवून विणली. मागावरून उतरवल्यावर तिने मला आधी आपल्या तापाने फणफणलेल्या नातवाभोवती गुंडाळलं. तो झोपला की नाही ते पाहिलं, आणि मगच म्हणाली, "झाली." तिची पारख तशी होती. तिचा फटकळपणा माझ्या धाग्यात उतरला आहे, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

पुढे खरेदीच्या माणसाने आम्हा बारा जणींना एका गठ्ठ्यात बांधलं आणि पोलीस चौकीत नेऊन टाकलं. अकरा जणी कोठडीत गेल्या. मी गाडीत गेले, मागच्या सीटखाली, टायरच्या पान्याशेजारी. काम काय, तर रस्त्यावर कोणी अपघातात गेलं की पंचनामा होईपर्यंत त्याच्यावर पसरायचं. चार वर्षं मी मेलेली माणसं झाकली. मित्रांनो, मेलेल्याला ऊब देता येत नाही. तुम्ही कितीही घट्ट विणलेल्या असा, तो थंड तो थंडच. काम झालं की मला झटकायचे आणि पुन्हा सीटखाली कोंबायचे. धुवायचं कुणाच्या मनातही येत नसे. गाडीचा ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "ही बया गाडीत असली की माझी भूक मरते." जसं काही मीच जाऊन त्यांना मारून आले होते!

मला तिथून बाहेर काढलं ते हवालदारांनी.

हवालदार नोकरीच्या शेवटच्या वर्षांत होते. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, आणि दोन्ही गुडघे गेलेले. एक दिवस त्यांनी मला काखेत मारून घरी नेलं. त्यांची बायको दारातच आडवी आली. "मेलेल्यांची घोंगडी घरात आणलीत?"

"आता जिवंतांची करायची आहे," हवालदार म्हणाले. "पाणी तापव."

त्या बाईने मला तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं आणि दोन दिवस उन्हात टाकलं. तिसऱ्या दिवशी मला माझाच वास आला. लोकरीचा. चार वर्षांनी.

आता हवालदारांचं काम सांगते. चौकीत कधी कधी फोन यायचा. माझा भाऊ बिथरलाय, माझी सून गच्चीच्या कठड्यावर बसलीय, शेजारचे मास्तर तीन दिवस कडी काढत नाहीत आणि आतून कोणाशी तरी भांडतात. दवाखान्याची गाडी म्हणायची, आधी पोलीस बोलवा. पोलीस म्हणायचे, हे काय चोर-दरोडेखोर आहेत का? मग दोघांच्या मधे दोन-तीन तास जायचे आणि शेवटी चार शिपाई काठ्या घेऊन जायचे. घाबरलेल्या माणसाने काठी पाहिली की तो जास्त घाबरतो आणि जास्त घाबरला की जास्त खातो. काठीच. बाकी काही नाही.

हवालदारांना पळापळ जमत नसे. गुडघ्यांमुळे. म्हणून ते बसायला लागले असतील, देव जाणे. पण बसून काय होतं ते त्यांना कळलं. दारापाशी गेले की ते जोडे बाहेर काढायचे. टोपी जोड्यात ठेवायचे. काठी गाडीतच. घरच्या माणसांना शेजारी पाठवून द्यायचे. म्हणायचे, "तुम्ही समोर असलात की त्याला तुमचीही काळजी करावी लागते." मग उंबऱ्यावर बसायचे, मला मांडीवर उलगडून घ्यायचे, आणि आतल्या माणसाकडे बघायचेच नाहीत. बाहेर बघत कसलं तरी बारीकसारीक गाऱ्हाणं सांगायचे. छत्रीची काडी तुटलीय, दाढ दुखतेय, असं काहीतरी. अर्धा तास, तास, दीड तास. कधीतरी आतला माणूस थकायचा, त्याला थंडी वाजायची, कारण अशा माणसाने दोन-दोन दिवस काही खाल्लेलं नसतं. तो आपणहून यायचा. हवालदार फक्त माझं एक टोक उचलून धरायचे. तो आत शिरायचा. बस. मग दोघं गाडीत बसून दवाखान्यात. कोणी कोणाला हात लावलेला नसे.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा हवालदारांनी सगळं जसंच्या तसं अहवालात लिहिलं. उंबऱ्यावर तासभर बसलो, छत्रीबद्दल बोललो, मग ते आपणहून आले. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी तो कागद सगळ्या चौकीसमोर मोठ्याने वाचला. शिपाई पोट धरून हसले. साहेब म्हणाले, "हवालदार, हा पोलिसाचा अहवाल आहे की नळावरच्या बायकांच्या गप्पा? उद्या वरून विचारलं, तासभर तुमचा माणूस काय करत होता, तर सांगू, छत्री दुरुस्त करत होता?"

कागद फाटला. त्या दिवसापासून चौकीत हवालदारांचं नाव 'आजीबाई' पडलं. आणि हवालदारांनी नवा कागद घेऊन लिहिलं: 'सदर इसमावर घोंगडी टाकून त्यास शिताफीने ताब्यात घेतले.'

साहेब खूश. "हां, आता कसं पोलिसासारखं वाटतंय."

पुढच्या प्रत्येक वेळी हवालदार बसायचे तासभर आणि लिहायचे शिताफीने. असे अकरा अहवाल झाले. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी फुगून बसले होते. कागदावर माझं नाव येतंय, घोंगडी टाकली आणि काम झालं! मला वाटायचं, हे सगळं माझ्या उबेने होतं. त्या बसण्याने होतं हे मला कळायला नको का? पण कौतुक झालं की अक्कल झोपते, माणसाची काय आणि घोंगडीची काय.

अकरावा होता या घरचा मुलगा.

मुलगा म्हणजे चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या. कुलपं-किल्ल्यांचं काम करायचा. जिन्याखाली टपरीएवढं दुकान, त्यात भिंतभर किल्ल्या. अर्ध्या वस्तीच्या दारांना त्याच्याच हातची कुलपं. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आई तोंडाची तिखट, पण लेकाच्या जेवणाची वेळ कधी चुकवायची नाही. वर्षातून एखाद्या वेळी त्याचं डोकं फिरायचं. मग त्याला वाटायचं की आपण बसवलेली सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडतात, लोकांची घरं उघडी पडली आहेत, आणि आता जे काही चोरीला जाईल ते आपल्यामुळे. मग तो झोपायचा नाही. घरातल्या कड्या-कोयंडे खोलून जमिनीवर मांडून बसायचा आणि हातात कानस घेऊन घासत राहायचा.

आईने फोन केला. हवालदार आले. आईला त्यांनी शेजारी पाठवलं. जोडे, टोपी, उंबरा, मी. सगळं ठरल्याप्रमाणे. मग त्यांनी खिशातून एक गंजलेलं कुलूप काढलं आणि बाहेर बघत म्हणाले, "चौकीच्या कपाटाचं आहे. किल्ली अर्धी फिरते आणि अडते."

बराच वेळ आतून नुसता कानशीचा आवाज. मग तो थांबला.

"तेल घातलं असणार," कोपऱ्यातून आवाज आला.

"घातलं."

"खाण्याचं?"

"बायकोनं घातलं."

"बायकोच्या नावावर ढकलू नका, काका. खाण्याच्या तेलानं चिकटा होतो. सरकवा इकडं."

कुलूप फरशीवरून सरकत गेलं. पाऊण तास तो त्या कुलपाशी बसला. कुलूप उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माणसासारखं काहीतरी आलं. मग तो कुडकुडायला लागला. म्हणाला, "ती घोंगडी कोणाची?"

"कोणाची नाही. ज्याला थंडी वाजते त्याची."

तो उठला, चार पावलं आला आणि हवालदारांशेजारी उंबऱ्यावर बसला. त्यांनी टोक उचललं. तो माझ्या आत आला तेव्हा त्याचं अंग बर्फासारखं होतं, पण जिवंत. मी त्याला ऊब दिली आणि त्याने ती घेतली. मित्रांनो, घोंगडीच्या जन्माला आल्यावर याहून जास्त काय हवं?

आई शेजारून परत आली तेव्हा तिने एवढंच पाहिलं: लेक घोंगडी पांघरून शांत बसला आहे. तिने हवालदारांना हात जोडले. "भाऊ, तुमच्या घोंगडीत काय जादू आहे हो?"

हवालदारांनी तेव्हा सांगायला हवं होतं. पण दोन शिपाई जिन्यात उभे होते. ते नुसतं हसले. "लोकर चांगली आहे, ताई."

लेक तीन आठवड्यांनी बरा होऊन आला. गोळ्या घ्यायला लागला. आल्या आल्या त्याने घराचं दार पुन्हा बसवलं, बिजागऱ्यांना तेल दिलं. खाण्याचं नाही.

पुढच्या वर्षी हवालदार निवृत्त झाले. शाल, भाषण, चहा. एका तरुण शिपायाने विचारलं. तो कुस्ती खेळायचा म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. "आजीबाई, जाता जाता सांगून जा, येड्यांना कसं धरायचं?"

सगळे हसले. हवालदारांनाही हसावं लागलं. म्हणाले, "घोंगडी आहे ना गाडीत." आणि गेले.

नवे साहेब आले ते शिकलेले, हुशार, आणि कामाला वाघ. त्यांनी जुन्या फायली काढल्या. अकरा अहवाल वाचले. अकराच्या अकरा ठिकाणी घोंगडी टाकून शिताफीने ताबा, आणि कोणाला साधं खरचटलेलंही नाही. साहेबांना वाटलं, वा, ही तर पद्धतच आहे! त्यांनी ती कागदावर मांडली आणि भिंतीवर चिकटवली. चार माणसं. दोघं बाजूने, एक मागून, एक घोंगडी घेऊन समोरून. घोंगडी डोक्यावरून टाकायची म्हणजे त्याला दिसत नाही. मग पाडायचं, पालथं करायचं आणि हात बांधून होईपर्यंत दाबून धरायचं.

त्यांना दोष देऊ का? द्यावासा वाटतो. पण त्यांनी जे लिहिलेलं होतं तेच वाचलं.

चौकीच्या अंगणात सराव झाला. ड्रायव्हर येडा झाला. जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून अंगणभर नाचला. पैलवानाने मला दोन्ही हातांत धरलं. "एक, दोन, टाक!" मी ड्रायव्हरच्या डोक्यावर पडले. सगळे खदाखदा हसत त्याच्यावर बसले. आतून तो ओरडला, "अरे उठा लेकांनो, जीव जातोय!" ते आणखी हसले. त्याच्या तोंडाची वाफ माझ्या लोकरीत गोळा होत होती आणि बाहेर जायला वाट नव्हती. म्हातारीने मला घट्ट विणलं होतं ना. सैल विणलं असतं तर बरं झालं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि एका दुपारी या घरातून फोन आला.

लेकाने गोळ्या सोडल्या होत्या. दाराच्या बिजागऱ्या काढून दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आई फोनवर म्हणाली, "मागच्या वेळचे हवालदार पाठवा, घोंगडीवाले."

"ते रिटायर झाले. घोंगडी आहे."

"मग घोंगडी घेऊन या, बाबा. ती पांघरली की त्याला बरं वाटतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिने असं म्हटलं. फोन घेणाऱ्याने ते लिहून घेतलं. पुढे तोही कागद कामाला आला.

चौघं जोडे वाजवत जिना चढले. आईने पैलवानाच्या हातात मला पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने माझ्या किनारीवरून हात फिरवला. "आलीस गं बाई!" मग पैलवानाला म्हणाली, "ते भाऊ जोडे बाहेर काढायचे. मी शेजारून आले तेव्हा बाहेर होते."

"आई, आमचे जोडे नवे आहेत, चोरीला जातील," पैलवान म्हणाला आणि बाकीचे हसले. "तुम्ही शेजारी जा. आमचं रोजचंच आहे."

ती गेली. मागच्या वेळीही तिला शेजारीच पाठवलं होतं. तिला वाटलं, सगळं तसंच चाललंय.

तो कोपऱ्यात बसला होता, कड्या-कोयंडे मांडून. हातात कानस. जोड्यांचा आवाज ऐकून त्याने अंग चोरलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला ओळखलं. मित्रांनो, त्याने मला ओळखलं! तो उठला. "काका आले?" म्हणाला. आणि हात पुढे करून आपणहून माझ्याकडे निघाला. तास नाही, अर्धा तास नाही. या वेळी बसावंही लागलं नसतं. चार पावलं होती. तीन त्याने टाकली. कोणीतरी माझं फक्त एक टोक उचलायचं होतं.

पण पुढे केलेल्या हातात कानस होती.

"हत्यार! एक, दोन, टाक!"

सरावासारखंच झालं. फक्त या वेळी ड्रायव्हर वर होता. लेकाला पालथं केलं, पाठीवर पैलवानाचा गुडघा, पायांवर दोघं. दोरी जिन्यात राहिली होती, ती आणायला ड्रायव्हर गेला आणि येताना शेजाऱ्यांना हटवत बसला. लेक आत, माझ्यात, सुरुवातीला ओरडला. मग बोलला. "आलो ना काका. आलो ना मी." हे तीनदा म्हणाला. चौथ्या वेळी हवा पुरली नाही. तेव्हा त्याने मला चावून भोक पाडायला सुरुवात केली. मी माझे धागे सैल करायला बघत होते. घोंगडीला ते जमत नाही. जेवढं भोक त्याला पाडता आलं तेवढं त्याने पाडलं. दोन बोटं जातील एवढं. आणि त्याच्या तोंडासमोर त्या भोकापलीकडे होती फरशी.

शेजारच्या दारातून आईचा आवाज आला. "घेतली का हो त्यानं पांघरून?"

"घेतली, आई," पैलवान म्हणाला. धाप लागली होती त्याला, पण आवाज गोड होता. त्याला खरंच वाटत होतं की काम छान झालं.

ड्रायव्हर दोरी घेऊन आला. बांधायला लेकाचा हात उचलला तर तो हात तसाच पडला. माझ्या अंगाखाली ते थंड होणं मला नवीन नव्हतं. चार वर्षं मी तेच काम केलं होतं.

मग मला पिशवीत घातलं, वर लाखेचा शिक्का मारला आणि चौकशी झाली तेव्हा टेबलावर ठेवलं. चौकशी करणाऱ्या बाई वरून आल्या होत्या. माझ्या शेजारी अकरा अहवाल, भिंतीवरचा कागद आणि फोनवरचं ते लिहून घेतलेलं वाक्य. एका बाजूला साहेब आणि पैलवान, दुसऱ्या बाजूला आई. पैलवानाचं तोंड उतरलं होतं. तो सारखा एवढंच म्हणत होता, "पद्धतीप्रमाणेच केलं, बाई. आजीबाईंची... हवालदारांची पद्धत."

हवालदारांना बोलावलं. ते साध्या कपड्यांत आले. बसले नाहीत, उभे राहिले.

बाईंनी विचारलं, "हे अकरा अहवाल तुमच्या हातचे?"

"हो."

"तुम्ही घोंगडी टाकून ताब्यात घेत होतात?"

तेवढ्यात आई उठली. "भाऊ," ती म्हणाली, "माझ्या लेकाला डोक्यावर काही आलेलं खपायचं नाही. डोक्याला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. तुम्ही मागच्या वेळी त्याच्या डोक्यावर टाकली असती तर तो तसा बसलाच नसता. तुम्ही टाकली नव्हती. सांगा त्यांना."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाखेखालून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खरं सांगितलं असतं तर अकराच्या अकरा कागद खोटे ठरले असते, आणि भिंतीवरची पद्धत खोट्यावर उभी आहे हे लिहिलं गेलं असतं. ती काढून टाकावी लागली असती. आईला तेवढंच हवं होतं. लेक परत येणार नाही हे तिला कळत होतं. तिला हवं होतं की तो कागद भिंतीवरून उतरावा, दुसऱ्या कोणाच्या लेकावर मी पडू नये. पण खोलीत चौकीची सगळी पोरं होती. तीच, जी त्या दिवशी छत्रीवरून हसली होती.

हवालदार म्हणाले, "अहवालात लिहिलंय तसंच."

आई खाली बसली. त्यानंतर ती त्यांना कधी भाऊ म्हणाली नाही.

निकाल आला: ठरलेल्या पद्धतीप्रमाणे कारवाई, दोष कोणाचाही नाही. भिंतीवरचा कागद उन्हाने पिवळा पडला होता, म्हणून तो काढून नवा लावला. गाडीत नवी घोंगडी आली. माझ्याहून जाड.

आईने मला मागितलं. मुद्देमालाच्या खोलीतला कारकून म्हणाला, "आजी, भोक पडलंय तिला. कशाला नेता? फेकून द्या."

"तुझ्या डोक्यालाही पडलंय," आई म्हणाली. "तुझ्या घरच्यांनी फेकलं का तुला?"

घरी आणून तिने मला धुतलं नाही, उन्हात घातलं नाही. उंबऱ्यावर टाकलं आणि वर पहिला पाय स्वतः पुसला. मला राग आला नाही. ती म्हातारी विणकरीण असती तर तिनेही हेच केलं असतं. दारही तिने स्वतःच बसवलं, लेकाच्या हत्यारांनी. तिरकं बसलंय. करकरतं.

तीन महिन्यांनी हवालदार आले. जिना चढताना गुडघे वाजले त्यावरून मी ओळखलं. सवयीने त्यांनी जोडे बाहेर काढले. पाऊल उचललं आणि खाली पाहिलं. मी होते.

"या, हवालदारसाहेब," आई आतून म्हणाली. "पाय पुसा आणि या. चहा टाकते."

त्यांचं पाऊल वरच्या वर राहिलं. मग मागे गेलं.

"ताई, मी बसलो होतो," ते म्हणाले. "इथंच. सव्वा तास बसलो होतो. टाकली नव्हती मी."

"मला कशाला सांगता? मला ठाऊक होतं. जिथं सांगायचं तिथं सांगायचं होतं."

"तिथं कोणी ऐकलं नसतं."

"मी तिथंच बसले होते."

ते बाहेरच्या पायरीवर बसले. आईने आतून लेकाच्या दुकानातलं पॅड आणि पेन आणून त्यांच्यासमोर ठेवलं. "लिहा. त्या चौकशीच्या बाईंना लिहा. दोन ओळींचं काम आहे. जोडे काढले, बसलो, तो आपणहून आला. मी स्वतः नेऊन देते."

मी उंबऱ्यावरून फक्त त्यांच्या पायाची बोटं बघत होते. ती एकसारखी हलत होती. आत चहा उकळून आटला. पेन दोनदा कागदाला टेकलं. मग जोड्यांत पाय गेले आणि गुडघे जिना उतरून गेले.

कागद माझ्यावर पडला होता. आईने उचलून एकेक अक्षर लावत वाचला. तारीख होती. चौकीचं नाव होतं. खाली दोन शब्द होते: 'सदर इसम'. पुढे काही नाही. तीस वर्षं दुसरं काही लिहिलंच नव्हतं, तर पेनातून उतरणार काय?

"इसम म्हणे," आई म्हणाली. "तुम्हाला काका म्हणायचा तो."

तिने तो कागद दाराच्या फटीत घातला. दार आता करकरत नाही.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला गोष्ट सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसा, आमची धूळ झटका. मला काही नको. माझ्यावर पाय पुसा खुशाल. पण उद्या तुमच्यातलं कोणी पोलीस होईल, कोणी डॉक्टर होईल, कोणाचा भाऊ कोपऱ्यात अंग चोरून बसलेला सापडेल. तेव्हा घोंगडी शोधायला धावू नका. आधी जोडे काढा. खाली बसा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. तास लागला तर तास लागू द्या, तुमचं कुठे काही जळत नसतं.

आणि बसलात, तर बसलो असंच लिहा. हसू देत लोकांना. तुम्ही शिताफीने लिहिलेलं कोणीतरी खरं मानून वाचणार आहे, आणि मग ते माझ्यासारखीच्या हातून कोणाच्या तरी लेकावर पडणार आहे.